सरकती ओसरी

"काका, आता दाबा!" गाडीखालून प्रसादचा आवाज आला.

एकनाथरावांनी दाराजवळचं बटण दाबलं. आधी मोटर घुमली. मग जड लोखंडी कपाट कुणी फरशीवरून ओढत न्यावं तसा करकरता, कण्हता आवाज निघाला आणि मोटरहोमच्या, त्या चाकांवरच्या घराच्या, कुशीतून एक अख्खी खोली, सोफा-टेबल-खिडकीसकट, हळूहळू बाहेर सरकू लागली. मध्येच खट् झालं. वीतभर पुढे गेल्यावर पुन्हा खट्. शेजारच्या जागेतल्या म्हाताऱ्यानं कॉफीचा मग ओठाशी तसाच धरून मान वळवली.

"बास, बास! थांबवा!"

प्रसाद पुठ्ठ्यावरून सरपटत बाहेर आला. कपाळावर काळा पट्टा उमटला होता. "काय आवाज आहे यार काका! दाराच्या फटीत म्हैस अडकल्यासारखी वाटते."

"तुझी काकू म्हणायची, हिला वेणा येतात. दर मुक्कामाला एक खोली विते बिचारी."

प्रसाद हसला. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावी एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचं काम करायचा, मूळचा नागपूरचा. पण या गाडीशी त्याचं नातं तबल्याचं होतं. मालिनीकाकूंच्या कीर्तनाला डग्गा-तबला तो वाजवायचा. काकू मागच्या चैत्रात गेल्या. तेव्हापासून त्याची बायको वल्लरी तबल्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवी.

"डोना किती वाजता येणारे?"

"बारापर्यंत."

डोना काल येऊन गाडी बघून गेली होती. स्वयंपाकाचा ओटा, पलंग, टायर, सगळं तिला आवडलं. शेवटी तिनं हे बटण दाबलं आणि दोन्ही हात कानांवर नेले. 'आयुष्यभर शाळेची बस चालवली आहे,' ती म्हणाली, 'माझ्या वाट्याचा सगळा गोंगाट ऐकून झालाय. उद्या दुपारी परत येते. आवाज गेला असेल तर गाडी घेऊन जाते. नाहीतर वेकोला एक आहे, ती बघेन.'

आवाज घालवायचा आणि गाडी द्यायची, एवढंच काम होतं. डोळ्यांच्या डॉक्टरनं एकनाथरावांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. बघावं त्याच्या नेमक्या मध्यभागी एक धुरकट डाग येई. माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. न चालवता येणारी मोटरहोम घेऊन आरव्ही पार्कात, अशा गाड्यांच्या तळावर, किती दिवस बसणार? परीक्षितनं, मुलानं, सांता क्लाराचं तिकीटही काढून ठेवलं होतं.

हे सगळं त्यांना पटलेलं होतं. तरी आज सकाळी चहा पिताना त्यांच्या मनात येऊन गेलं, की आवाज नाहीच गेला, तर डोना येणार नाही. मग आणखी काही आठवडे इथेच, या टेबलाशी, रिकाम्या खुर्चीसमोर. असं मनात आल्याची त्यांना इतकी लाज वाटली, की कप खाली ठेवून त्यांनी लगेच प्रसादला फोन लावला.

आता फोन वाजला तो परीक्षितचा.

"बाबा, झालं का फिक्स?"

"चाललंय. प्रसाद आलाय."

"नाही झालं तर लीव्ह इट. वर्स्ट केस, डीलरला देऊन टाकू. तुम्ही खाली वाकू-बिकू नका, प्लीज. आणि ऐका ना, आश्लेषानं तुमच्या रूममध्ये देवांसाठी शेल्फ लावलंय. ती विचारतेय, पूर्वेला तोंड की पश्चिमेला?"

सुनेच्या या प्रश्नावर एकनाथरावांनी जरा विचार केला. गेली कित्येक वर्षं त्यांचे देव ताशी पासष्ट मैलांनी सगळ्या दिशांना तोंड करून फिरले होते.

"तिला म्हणावं, खिडकी जिकडे आहे तिकडे."

फोन ठेवून ते परत गाडीकडे वळले. प्रसादनं एकेक शंका खोडून काढली होती. गाडी एका बाजूला कललेली नव्हती, पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये होता. बॅटरी भरलेली होती. कडेच्या रबराला त्यानं औषध चोळलं, तेही मऊ पडलं. आवाज होता तिथेच. शेवटी त्यानं खोलीच्या बुडाखालच्या रुळावरून बोट फिरवलं आणि नाकापुढे धरलं.

"काका, ग्रीस घातलंय का तुम्ही इथे? नुसता चिकटा आहे. त्यात धूळ बसून पार डांबर झालंय."

"ग्रीस? छे!" एकनाथराव दुखावले. "मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय, तेल नाही, ग्रीस नाही, फक्त कोरडा स्प्रे. दर उन्हाळ्याच्या आधी मी स्वतः मारत आलोय. तरी धूळ धरायचीच. कंपनीला दोनदा मेल केली, की तुमचा स्प्रे कोरडा नाही म्हणून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आमचा कोरडाच आहे, सर."

दोघं हसले.

"मोटर कुठून दिसते हिची?"

एकनाथरावांनी खिशातली किल्ली चाचपली. "पेटीच्या कप्प्यातून. मागची फळी काढली की."

गाडीच्या पोटाखाली सामानाचे कप्पे होते. त्यांतला सोफ्याखालचा कप्पा मालिनीचा. त्यात तिची बाजाची पेटी, चिपळ्यांची पिशवी आणि नऊवारीची घडी असे, आणि एकनाथरावांना तिथे पाना-पक्कड ठेवायला सक्त मनाई होती. ती गेल्यावर तो कप्पा त्यांनी उघडलाच नव्हता. कुलूप उघडून प्रसादनं पेटी बाहेर काढली, बाकावर ठेवली आणि सवयीनं तिच्या अंगावरून हात फिरवला.

मालिनीचे वडील कोकणातल्या एका देवळात चातुर्मासभर कीर्तन करत. तिनं अमेरिकेत येऊन बँकेत नोकरी केली, मुलगा वाढवला आणि केस पांढरे झाल्यावर एक दिवस कंबर बांधून कीर्तनाला उभी राहिली. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, कुणाच्या बेसमेंटमध्ये, जिथे बोलावतील तिथे. दोघं निवृत्त झाल्यावर घर विकून ही गाडी घ्यायची कल्पनाही तिचीच. "अहो, नारदाला एका जागी राहायची सोय नव्हती," ती म्हणाली होती. "आपणही फिरू. तुम्ही चालवा, मी गाईन." आणि खरंच, पूर्वेच्या कॅरीपासून पार कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारापर्यंत ते फिरले. कॅरीला तर ऐन दिवशी बर्फाची सूचना आली आणि श्रोते म्हणून यजमान, त्यांची आई आणि झोपलेलं बाळ एवढेच उरले. तरी मालिनीनं मध्यंतराला सगळ्यांना बुक्का लावला, बाळालाही लावला आणि उत्तररंगातली कथा शेवटच्या आरतीपर्यंत नेली. परतीच्या वाटेवर एकनाथराव म्हणाले, "अर्ध्यावर आवरलं असतंस तर कुणी रागावलं नसतं." त्यावर ती म्हणाली, "माणसांना रानात नेऊन सोडायचं आणि आपण घरी यायचं? कथेत नेलं की परत आणून सोडावं लागतं."

एकनाथराव स्वतः कधी गायले नाहीत. ते पहिल्या रांगेत बसायचे, पूर्वरंगात डुलक्या घ्यायचे आणि गोष्ट सुरू झाली की जागे व्हायचे.

ही सरकती खोली मालिनीची 'ओसरी'. मुक्कामाला पोचल्यावर ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "दाबा." बटण दाबलं की हा करकराट. पहिल्यांदा झाला तेव्हा आजूबाजूला खुर्च्या टाकून बसलेली माणसं दचकून बघायला लागली. मालिनीला इतका संकोच झाला की तिनं पदर खोचून मोठ्यानं नामाचा गजरच सुरू केला, टाळ्या वाजवत. विठ्ठल, विठ्ठल, आधी संथ, मग द्रुत. ओसरी पुरी बाहेर येऊन धप्प बसली की समेवर टाळी. तेव्हापासून ते प्रत्येक मुक्कामाचं ठरूनच गेलं. आर्कान्सात एका शेजाऱ्यानं एकनाथरावांना बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुमच्या मॉडेलला हे करावंच लागतं का.

"फळी सैल झाली, काका. या इकडे."

फळी निघाली आणि आतून वास आला. एकनाथरावांचे डोळे पोचायच्या आधी नाक पोचलं. तिळाचं तेल, जळकी वात आणि त्यामागे कापराची पुसट झुळूक. टेक्सासच्या उन्हात, डिझेलच्या टाकीशेजारी, चक्क देवघराचा वास.

प्रसादनं टॉर्च आत धरला. मग डोकंही आत घातलं.

"काय आहे?"

"काका..." त्याचा आवाज उतरला होता. "मोटरवर हळदकुंकू आहे."

एकनाथराव गुडघ्यावर बसले, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघू लागले. काळ्या मोटरच्या पाठीवर एक पिवळं बोट आणि एक तांबडं. नुसतं एकदा लावलेलं नव्हतं. जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं, असा खपलीसारखा थर झाला होता. त्यात एक तांदळाचा दाणा रुतलेला आणि वाळून तपकिरी झालेली झेंडूची एक पाकळी.

"खंडेनवमीला," ते म्हणाले. "स्टिअरिंगला, माझ्या पान्यांच्या डब्याला हळदकुंकू वाहायची, ते मला माहीत होतं. इथपर्यंत कधी आली?" गुडघे दुखतात म्हणून कीर्तनात उभं राहताना एक हात खुर्चीवर ठेवणारी बाई. ती या कप्प्यात कंबरेपर्यंत शिरली होती, दरवर्षी, ते वर बसून नकाशा बघत असताना.

प्रसादनं रुळाच्या दात्यांत काडी घातली. काहीतरी काळं, गोळ्यासारखं निघालं. त्यानं चिमटीत धरून उलगडलं. कापूस होता. जळकी वात. मग दुसरी निघाली. प्रत्येक दात्याच्या खाचेत वातींचे तुकडे दाबून बसले होते. मोटरचं चाक त्यांच्यावर चढलं की खट् व्हायचं.

"हे तुमचं खट्," प्रसाद म्हणाला. "आणि करकर म्हणजे तेल. पण इथे समईतलं तेल कसं आलं?"

एकनाथरावांना एकदम आठवलं. फ्रिस्कोच्या घरी असताना समईत उरलेलं तेल आणि वाती मालिनी मागच्या अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन घाले. सिंकमध्ये कधीच नाही. 'देवाचं तेल गटारात? पायदळी?' गाडीत राहायला आल्यावर त्यांनी एकदा सहज विचारलं होतं, की आता तेल कुठे टाकतेस. ती म्हणाली होती, "जिथे कामाला येईल तिथे." ते तेव्हा मॅन्युअल वाचत होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तिला वाटलं असणार, बिचारी ओसरी कण्हते, तिलाच घालावं. आणि ओसरी जितकी कण्हे तितकं मालिनी जास्त घाली.

"म्हणजे काका," प्रसाद सावकाश म्हणाला, "तुम्ही बाहेरून कोरडा स्प्रे मारत होता आणि काकू आतून तेल सोडत होत्या. एकाच रुळांवर. इतकी वर्षं."

"आणि मी कंपनीला मेल करत होतो."

प्रसाद मोठ्यानं हसला. एकनाथरावही हसले, आणि हसता हसता त्यांनी गाडीच्या पत्र्याला हात टेकला आणि तो काढायला ते बराच वेळ विसरले.

शेजारचा म्हातारा आत निघून गेला होता. पलीकडच्या महामार्गावरून ट्रक जात होते.

"काका," प्रसाद हातातली काडी खाली ठेवत म्हणाला, "नको करूया का? डोनाला सांगू, नाही जमलं. वेकोची घेऊ दे तिला. तुम्ही महिनाभर राहा इथे. परीक्षितला मी बोलतो."

सकाळपासून जे मनात दडपलं होतं, ते दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर किती सोपं वाटत होतं. फळी परत लावायची आणि कुलूप घालायचं. आवाज राहील. आवाज राहिला की बटण दाबायचं आणि डोळे मिटायचे.

पण मग बर्फातलं ते कॅरीचं घर त्यांच्यापुढे उभं राहिलं, आणि चार माणसांसमोर कथा शेवटाला नेणारी बाई.

"पूर्वरंग झाला आणि उठून जायचं?" ते म्हणाले. "काकूनं कान धरला असता माझा. आण तो रॉकेलसारखा वास येणारा डबा. आणि आतून स्टीलची वाटी आण."

"वाटी कशाला?"

"वातींना."

मग दोघं कामाला लागले. रूळ प्रसादनं फडक्यानं पुसले. दाते मात्र एकनाथरावांनी स्वतः घेतले. जुना टूथब्रश आणि काडी घेऊन ते कप्प्यात खांद्यापर्यंत शिरले. डोळ्यांचा इथे उपयोग नव्हता, बोटांना सगळं दिसत होतं. एक खाच, एक वात. काही वाती पार जळलेल्या, काही अर्ध्या, एखादी नुसती तेलात भिजून राहिलेली. प्रत्येक काढून ते वाटीत ठेवत. एकेक मुक्काम हाताला लागत होता. कुठला कोणता ते कळत नव्हतं, एवढंच.

"काका, मोटर पुसू का?"

"रूळ पूस. मोटर राहू दे."

"हळदकुंकू?"

"त्यानं आवाज होत नाही."

सगळं कोरडं झाल्यावर प्रसादनं त्या इमानदार कंपनीचा कोरडा स्प्रे मारला. एकनाथराव आत जाऊन बटणापाशी उभे राहिले. तिथून त्यांनी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"दाबू?" त्यांनी विचारलं.

"दाबा."

मोटर हलकेच गुणगुणली. ओसरी बाहेर निघाली, पाण्यावरून होडी निघावी तशी. करकर नाही, खट् नाही. झाडावर एक पक्षी बोलत होता, तो ऐकू येत होता. बटणावर बोट ठेवून एकनाथराव उभे होते. खोली सरकत होती. अजून सरकत होती. हिला बाहेर यायला इतका वेळ लागतो, हे त्यांना आजवर कळलंच नव्हतं. एवढा सगळा वेळ तिच्या गाण्यानं भरलेला असायचा.

कड्या बसल्या. धप्प.

बाहेर प्रसादनं समेवर टाळी दिली. बहुतेक नकळत. दिल्यावर तो आपल्याच हातांकडे बघत राहिला.

डोना बाराच्या आधीच आली. तिच्या कुत्र्याला काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तो गाडीतून उतरून कुणाकडे लक्ष न देता सावलीत जाऊन झोपला. डोनानं बटण दाबून खोली आत घेतली, बाहेर काढली, पुन्हा आत घेतली.

"देवा रे," ती तिच्या लांबट टेक्सासी इंग्रजीत म्हणाली, "हे कालचंच वाहन आहे ना? काय केलंत?"

"साफ केलं," एकनाथराव म्हणाले.

ती कसलेली ड्रायव्हर होती. नुसत्या शब्दावर भागलं नाही. वाकून तिनं कप्प्यात डोकं घातलं, टॉर्च फिरवला. "इथे मोटरवर लाल-पिवळं काय आहे? गळतीची खूण केलीय का कुणी?"

प्रसादनं एकनाथरावांकडे बघितलं.

"सर्व्हिसिंगची खूण आहे," एकनाथराव म्हणाले. "दर ऑक्टोबरात व्हायची."

"एकही वर्ष चुकवलेलं दिसत नाही. मेकॅनिक चांगला होता. कोण?"

"माझी बायको."

डोना बाहेर आली, ताठ उभी राहिली. तिनं एकनाथरावांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बाकावरच्या एकट्या पेटीकडे. तिच्या बोटात अजून लग्नाची अंगठी होती, आणि तिच्यासोबत फक्त तो बहिरा कुत्रा होता.

"मग ती खूण मी पुसणार नाही," ती म्हणाली.

कागद झाले. देवांचा पितळी डबा, कपड्यांच्या दोन बॅगा आणि मालिनीची पेटी प्रसादच्या गाडीत गेली. डोनाची मोटार न्यायला तिचा भाचा येऊन गेला. डोना मोटरहोमच्या उंच सीटवर चढली, आरसे आपल्या मापानं वळवले, कुत्र्याला शेजारी बसवलं. ओसरी आत गेली, आवाज न करता. मग गाडी हळूच वळली, पार्कच्या फाटकापाशी थांबली, दिवा लुकलुकला आणि ती महामार्गाच्या बाजूला निघून गेली. एकनाथरावांना ती सरळ बघता येईना म्हणून ते तिच्या कडेच्या आकाशाकडे बघत राहिले.

काँक्रीटवर गाडीच्या मापाचा फिका चौकोन उरला.

"चला काका," प्रसाद म्हणाला. "वल्लरीनं आमटी-भात केलाय. वाट बघत असेल."

"आलो. एक मिनिट."

बाकावर ती स्टीलची वाटी राहिली होती. काठोकाठ काळ्या वाती, तळाशी खरवडलेलं तेल. शेजारीच कचऱ्याचं पिंप होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'कचरा इथे टाका' असं लिहिलेलं. एकनाथराव त्याच्यापुढून गेले. कुंपणाजवळ पेकनचं एक जुनं झाड होतं. बुंध्याशी पोचल्यावर त्यांनी पायानं जागा चाचपली, कुणाचा पाय पडणार नाही अशी, मुळांच्या बेचक्यातली.

मग वाकायच्या आधी त्यांनी चपला काढल्या.